निनाईची फेरी

"आणि तो पाण्यात उतरलाच नाही तर?"

विश्राम दळवीने पुन्हा तेच विचारलं.

केदारीबुवा मठाच्या ओट्यावर पावटे सोलत बसले होते. एका शेंगेत किडका दाणा निघाला. तो त्यांनी अंगणातल्या कोंबड्यांकडे टाकला.

"बुवा, मी काय विचारतोय?"

"तो नाही उतरला, तर तू उतर."

"आणि मी नाही उतरलो तर?"

"मग तो उतरेल."

"आणि दोघंही उतरलो नाही तर?"

"तर राहा उभे. वाट काय कुठं पळून जात नाही."

विश्राम हसला नाही. त्याने धोतराचा सोगा झटकला, पुन्हा खोचला, आणि राईकडे बघत राहिला.

मठ ओढ्याच्या काठाला आहे आणि मठामागे निनाई देवीची राई. राईला वळसा घालून एक वाट जाते. ती मठापासून टेकडी चढते, पलीकडे उतरते, ओढ्याला भेटते आणि त्याच्या कडेकडेने परत मठापाशी येते. आसपासच्या गावांत तिला फेरी म्हणतात. हल्ली वनखात्याने सुरुवातीला हिरवी पाटी लावली आहे, 'निसर्ग पायवाट, मध्यम'. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं पाठीवर पिशव्या टाकून येतात आणि दुपारपर्यंत फिरून जातात.

फेरीचा जुना उपयोग मात्र वेगळा होता.

ज्या दोघांचं बोलणं बंद असेल त्यांनी एकाच दिवशी मठातून निघायचं. एकाने टेकडीकडून, दुसऱ्याने ओढ्याकडून. वाट गोल असल्यामुळे गाठ पडतेच. ओढ्याकडून निघालेल्याने कातळपट्टीवर थांबायचं, असा रिवाज. तिथे एका हाताला उभा कातळ, दुसऱ्या हाताला ओढा, आणि मधे पाऊल मावेल एवढीच वाट. दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. एकाला गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. तो उतरतो, दुसरा वरून निघून जातो. बोलायचं काही नाही. मठात परतल्यावर दारातल्या दगडी डोणीत दोघांनीही गुडघ्यापर्यंत पाय धुवायचे, म्हणजे कोण उतरलं होतं ते कुणाला कळत नाही. कुणी विचारायचंही नाही. मग दोघांनी एका पातेल्यातलं जेवायचं.

विश्रामची गाठ पडायची होती ती संतू गुरवाशी.

दोघंही बुवांच्या हाताखाली भजन शिकले. एका वयाचे. विश्राम गायचा, संतू पखवाजावर. लोक त्यांची नावं एका दमात घेत. मग शेजारच्या गावी एका सप्ताहात, गजर ऐन रंगात आलेला असताना विश्रामने हात वर करून भजन थांबवलं आणि माइकमध्ये म्हणाला, "काय रे संतू, हात म्हातारा झाला काय?"

मांडव हसला. संतूही हसला. त्याने राहिलेला अभंग नीट वाजवला, पखवाजाला गवसणी घातली, आणि त्यानंतर तो विश्रामच्या शेजारी कधी बसला नाही. या गोष्टीला आठ वर्षं झाली.

आता संतू दोन दिवसांनी बडोद्याला मुलाकडे जाणार होता. घराला कुलूप लावून, कायमचा. बुवांनीच दोघांना निरोप धाडला होता. संतू आधीच येऊन ओढ्याच्या बाजूने निघूनही गेला होता.

"काही बोलला का?" विश्रामने विचारलं.

"कोण?"

"संतू."

"म्हणाला, पाणी गार असेल."

"आणि माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल कशाला बोलेल? पाण्याबद्दल बोलत होता."



"बुवा, त्या दिवशी ठेका..."

"कुणाचा चुकला होता?"

विश्रामने कोंबड्यांकडे बघितलं.

"आता ते कशाला?"

"मी कुठं काढलं? तूच काढलंस."

"उतरतो तो लहान ठरतो, बुवा."

"कोण ठरवणार? डोण कशासाठी आहे?"

"लोकांचं सोडा. त्याला तर कळेल."

"हां," बुवा म्हणाले. "त्याला कळेल."

त्यांनी सोललेल्या दाण्यांत बोटं फिरवली.

विश्राम उठला.

"काठी घेऊन जा. उताराला पाला ओला असतो."

"काठी कशाला? मी काय म्हातारा झालोय?"

"नाही," बुवा म्हणाले. "तू नाही झालास."

*

टेकडीची चढण फार नाही, पण सलग आहे. विश्राम सवयीने झपाझप निघाला आणि पहिल्या वळणालाच त्याला दम लागला. तो उभा राहिला. गारंबीची एक जाड वेल वाटेवर आडवी झाली होती. तिच्यावर बसून त्याने श्वास सावरला, आणि तिथे बसल्या बसल्याच त्याचं ठरलं.

मीच उतरेन.

ठरल्यावर त्याला हलकं वाटलं. तो पुन्हा चालू लागला आणि चालताना त्याने कसं उतरायचं तेही ठरवलं. संतू समोरून येईल. मान खाली घालून येईल, त्याची चालच तशी. आपण थांबायचं नाही, घुटमळायचं नाही. सहज, घरच्या पायरीवरून उतरावं तसं पाण्यात उतरायचं. संतू चमकेल. वरून जाईल. बडोद्याला गेला तरी त्याला आयुष्यभर आठवेल की विश्राम उतरला होता.

हे चित्र त्याला आवडलं.

माथ्यावर वनखात्याचा एक बाक आहे. तिथून पलीकडचा उतार दिसतो, आणि झाडी विरळ होते तिथे ओढ्याचं पाणी चमकतं. विश्राम बाकावर बसलाही नाही. उताराला त्याचा पाय दोनदा घसरला, तेव्हा तो स्वतःशीच हसला. पाण्याचा आवाज जवळ आला तसा त्याने एक गजर गुणगुणायला घेतला. कितीतरी दिवसांनी.

कातळपट्टीच्या अलीकडे कारवीची दाट जाळी आहे. वाट तिला वळसा घालून पट्टीवर चढते. विश्राम जाळीपाशी आला आणि थांबला.

संतू आधीच पाण्यात उतरलेला होता.

पट्टीच्या मधोमध, गुडघ्याच्या वर पाण्यात, धोतर कमरेला खोचून तो उभा होता. आधाराला एक हात वाटेच्या कातळी कडेवर ठेवलेला. तोंड मात्र पलीकडच्या काठाकडे. वाटेकडे त्याची पूर्ण पाठ होती. वरून जाणाऱ्याला नजरेला नजर द्यावी लागू नये, अशा बेताने तो वळून उभा राहिला होता.

कातळावरची त्याची बोटं हलत होती. सावकाश ठेका धरला होता.

विश्राम जाळीमागे उभा राहिला.

आता काहीच करायचं उरलं नव्हतं. फक्त वरून चालत जायचं होतं.

त्याने एक पाय पट्टीवर ठेवला. संतूचं डोकं विश्रामच्या गुडघ्यांच्या बरोबरीला येत होतं. पिकलेले केस, मानेवरची सुरकुती, सगळं दिसत होतं. पुढचं पाऊल त्या बोटांच्या अगदी शेजारी पडलं असतं.

विश्रामने पाय मागे घेतला.

पायाखाली पाला वाजला... संतूची बोटं थांबली.

मान वळली नाही. बोटं तशीच थांबून राहिली, कातळावर, उघडी.

किती वेळ गेला ते विश्रामला नंतर सांगता आलं नाही. पाण्याचा आवाज तेवढा होता. मग तो हळूच मागे फिरला. पाला टाळून, दगडावर पाय देत देत, आल्या वाटेने चढून गेला.

*

माथ्यावरच्या बाकावर एक तरुण जोडपं संत्रं सोलत बसलं होतं.

"काका, तुम्ही खालून आलात?" मुलीने विचारलं. "ही वाट गोल आहे ना?"

"गोल आहे."

"मघाशी तर आमच्या पुढं चढत होतात. मग परत कसे?"

विश्रामने घाम पुसला.

"पुढं बंद आहे," तो म्हणाला.

"बापरे! दरड का?"

विश्राम मागे वळून उताराकडे बघत राहिला.

"बरं झालं भेटलात," मुलगा म्हणाला. "नाहीतर पार खाली जाऊन उलटं चढावं लागलं असतं. हिचा गुडघा आधीच कुरकुरतोय."

"माझा नाही, याचाच," मुलगी म्हणाली आणि संत्र्याची एक फोड विश्रामसमोर धरली. "घ्या काका. दमलात तुम्ही."

त्याने फोड घेतली. ती दोघं पिशव्या उचलून मठाच्या बाजूला उतरू लागली. त्यांचं हसणं ऐकू येईनासं होईपर्यंत विश्राम बाकावर बसून राहिला. फोड हातातच होती.

*

मठात चुलीवर आमटी शिजत होती. बुवा फुंकणीने जाळ करत होते.

विश्रामने डोणीत पाय धुतले. नीट, गुडघ्यापर्यंत. पुसले. मग चुलीपासून जरा लांब भिंतीला टेकून बसला.

"आत्ता दोघं पोरं पाणी भरून गेली," बुवा म्हणाले. "सांगत होती, फेरीची वाट बंद झालीय."

विश्रामने धोतराचा सोगा सारखा केला.

"कशानं बंद झाली? झाड पडलं?"

"नाही."

"दरड आली?"

"नाही."

"मग?"

विश्रामने भिंतीला डोकं टेकलं.

"अरे, उद्या पाटीवर लिहावं लागेल मला. कशानं बंद आहे?"

"संतू उभा आहे," विश्राम म्हणाला.

बुवांनी फुंकणी खाली ठेवली.

"मी उतरणार होतो, बुवा. देवाशपथ. वर चढतानाच ठरवलं होतं."

"मग?"

"तो आधीच उतरला होता."

"मग?"

"मग मला करायला राहिलं काय?"

"वरची वाट राहिली होती."

"त्याच्या डोक्याशेजारनं? पायात चपला घालून?"

"काढायच्या होत्यास."

"मला नाही जमलं ते."

"का? त्याचा मान राखलास?"

"हो," विश्राम चटकन म्हणाला. "मान राखला."

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. विश्रामने नजर खाली घातली. आमटीला उकळी आली, झाकण हललं, बुवांनी ते सरकवलं.

"मी उतरलो असतो तर तो गेला असता वरनं," विश्राम म्हणाला. "त्याला काही वाटलं नसतं. तो तसाच आहे. त्याला घेता येतं."

"आणि तुला?"



बाहेर अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. राईच्या पलीकडे, ओढ्यावर, ते केव्हाच गेलेलं असणार.

"अजून असेल का तो तिथं?" बुवांनी विचारलं.

"असेल."

"गार पडलं असेल."

"परत जाऊ का मी, बुवा?"

बुवांनी मिठाचा डबा उघडला. चिमूट घेतली, आमटीत टाकली, डबा बंद केला.

"आता जाऊन तरी काय?" विश्राम म्हणाला. "मी पोचेपर्यंत तो निघालेला असेल. का जाऊ?"

तो उठला. चपलांपर्यंत गेला. एकीत पाय घातला, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग परत येऊन भिंतीला टेकून बसला.

भात झाला. बुवांनी तीन ताटं पुसून मांडली.

*

संतू टेकडीच्या बाजूने आला. वाट पाहून झाल्यावर त्याने फेरी अर्धी टाकली नव्हती, उरलेली पुरी चालून आला होता. वाटेत कुठेतरी मोडलेली एक फांदी त्याच्या हातात होती आणि तिच्यावर तो बराच भार देत होता.

तो डोणीपाशी थांबला. पाय आत सोडले.

"बुवा, डोणीतलं पाणी तापवून ठेवलंत काय? ऊन लागतंय."

"सकाळचंच आहे ते."

"असं?" संतू हसला. "मग माझेच पाय गार पडलेत."

त्याने एक पाय बाहेर काढून काठावर ठेवला. पाऊल पांढरंफटक पडलं होतं. तळव्याची कातडी फार वेळ भिजलेल्या कापडासारखी चुरगळली होती. डोणीत कितीही धुतलं तरी ते लपण्यासारखं नव्हतं.

विश्रामने ते बघितलं. संतूने विश्रामकडे बघितलं, एकदाच, आणि पाय पुसू लागला.

"जेवायला बस," बुवा म्हणाले.

"नको बुवा. हे फेरीचं जेवण. गाठ पडायला पाहिजे ना आधी."

"नाही पडली?"

"कुणी आलंच नाही. सुट्टीचा दिवस, पण वाटेला एक माणूस नाही." त्याने पंचा खांद्यावर टाकला. "एकदा कारवीमागं काहीतरी खसखसलं. गवा असेल म्हणलं. मी मान वळवली नाही, उगीच बुजायचा."

थोडं थांबून तो म्हणाला, "बुजलाच."



संतू ओट्यावर चढला. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लवकर काढला नाही.

"पखवाज नेतोस?"

"नेतो. पण पोरगा म्हणतो, वर-खाली बिऱ्हाडं आहेत, आवाज चालायचा नाही. राहील गवसणीत." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "कातड्यावरची शाई वाळू नये म्हणून महिन्याकाठी एक थाप मारीन. तेवढ्यानं काय कुणी भांडायला येणार नाही."

"सांभाळून राहा."

"तुम्ही काळजी घ्या, बुवा. वर ओलं आहे, एकटे जाऊ नका फेरीला."

विश्राम उभा राहिला होता. केव्हा उठला ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. संतू त्याच्या अगदी समोरून गेला. जाताना थोडा थांबल्यासारखा झाला. ओट्याच्या कडेला चपला घातल्या. एकीचा अंगठा नीट बसत नव्हता, तो त्याने वाकून सारखा केला. लागायला हवा त्याहून जास्त वेळ लावला.

विश्रामचं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

संतू ओट्यावरून खाली उतरला. अंगण ओलांडलं. ओढ्याच्या साकवापलीकडे रस्त्यावर प्रवासी भरणारी वडापची जीप उभी होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

साकवावर संतू कठड्याला धरून हळूहळू चालत होता. पाय अजून नीट उचलत नव्हते.

"बुवा," विश्राम म्हणाला.

बुवा संतूच्या पाठीकडे बघत होते.

"बुवा, हाक मारू का त्याला?"

हॉर्न पुन्हा वाजला.

"आता हाक मारली तर तो काय म्हणेल? उगीच शेवटच्या वेळी... ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर? बुवा, सांगा ना. मारू का?"

संतू साकवाच्या टोकाला पोचला.

"मारू का हाक?"

"त्याला विचार," बुवा म्हणाले.